कोरसवाल्याचं एक वाक्य

सकाळी साडेसातला, आबा आंघोळीला गेलेले आणि आई फडक्यात दशम्या बांधत बसलेली असताना, धम्मप्रियाच्या फोनवर खेळातल्या चुकीची तक्रार येऊन पडली. बग क्रमांक बावीसशे सतरा. ठिकाण, गानसंघाचं दार. काय घडतं: खेळाडू संघाचा प्रमुख झाल्यावरसुद्धा दारातला म्हातारा कोरसवाला त्याला ओळखत नाही आणि पहिल्या दिवशीचंच वाक्य बोलतो, 'नवा हायस का? चपला भाईर काढ अन् मागं बस.' काय घडायला हवं: म्हाताऱ्यानं प्रमुखाला मान द्यावा. गांभीर्य, किरकोळ. खाली तनुजानं लिहिलं होतं, 'हा खरंच बग आहे, की तू मुद्दाम ठेवलंयस? सहाच्या आत सांग. सहानंतर कुणालाच एक अक्षर बदलता येणार नाही.' तनुजा हैदराबादला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत ते तपासायला बसायची. मूळची उदगीरची, नाकासमोर चालणारी, आणि तिच्या जागी ती बरोबरच होती. पण तो 'किरकोळ' धम्मप्रियाला असा लागला की हातातला चहा तिनं तसाच ओट्यावर ठेवून दिला. अख्ख्या गानसंघात तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच वाक्य शिल्लक राहिलं होतं, आणि आज तेही मागायला लोक दारात आले होते.

नांदेडातल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी टेबल लावून ती चार वर्षं त्या कंपनीसाठी गोष्टी लिहीत होती. गल्लीतले लोक म्हणायचे, व्यंकटीची पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी करते, आणि ते काही खोटं नव्हतं. खेळ एका नसलेल्या राज्याचा. डोंगर, गुहा, तलवारी, जादू, आणि त्या राज्यात निरनिराळे संघ: चोरांचा, जादूगारांचा, लढवय्यांचा. खेळाडूनं संघात शिरायचं, सांगितलेल्या मोहिमा करायच्या आणि शेवटी प्रमुख होऊन बसायचं. असले खेळ ती शाळेपासून खेळत आली होती आणि तेव्हापासून ह्याच एका गोष्टीनं तिचं डोकं उठायचं. अकरावीत ती जादूगारांच्या विद्यापीठाची प्रमुख झाली तेव्हा तिला मंत्र एकच येत होता, तोही मेणबत्ती पेटवायचा. कुणाची हरवलेली काठी आणून दिली, तळघरातले उंदीर मारले, एका गुहेत जाऊन परत आली. मग उपप्रमुख फितूर निघाला, कारण उपप्रमुख नेहमी फितूरच निघतो. म्हातारा प्रमुख मेला, कारण तो मेल्याशिवाय जागा रिकामी होत नाही. आणि पांढऱ्या दाढ्यांच्या वीस जाणत्यांनी तिला म्हटलं, आता तुम्हीच. आयत्या बिळावर नागोबा, आणि एकाही मुंगीनं 'का' म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती चोरांचीही प्रमुख झाली. जादूगारांना त्याचंही काही वाटलं नाही. एवढं होऊन विद्यापीठाच्या फाटकावरचा पहारेकरी तिला रोज सांगायचा, नवीन दिसतेस, पहिल्या वर्गात जा. मैत्रिणी हसायच्या. धम्मप्रिया मात्र कॉम्प्युटर बंद करून चिडत बसायची. ही सगळी माणसं इथं उभी आहेत, ती माझ्याआधी इतकी वर्षं काय करत होती, हे कुणी लिहिलंच कसं नाही?

म्हणून कंपनीनं गाणाऱ्यांचा संघ तिच्याकडे सोपवला तेव्हा तिनं चौदा मोहिमा लिहिल्या. तिला तो संघ ठाऊक होता. आबा, म्हणजे तिचा बाप व्यंकटी, महापालिकेत व्हॉल्वमन होते. भल्या पहाटे लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्लीचं पाणी सोडायचं, दुपारी झोपायचं, आणि संध्याकाळी धम्मानंदांच्या गायन पार्टीबरोबर टेम्पोत बसून भीमगीतांच्या कार्यक्रमाला जायचं. सव्वीस वर्षं ते कोरसमध्ये होते. धम्मानंद लातूरचे. मोठा गायक, मोठा आवाज, आणि पार्टीचे कायदे त्यांचे. नव्या माणसानं आधी पेटी उचलायची, वायरी गुंडाळायच्या. वर्षभरानं टाळी द्यायची. मग मागच्या रांगेत बसून धृपद उचलायचं. माईक मागायचा नसतो. दिला तर घ्यायचा. हे सगळं धम्मप्रियानं आपल्या मोहिमांत जसंच्या तसं घातलं होतं. पहिल्या तीन मोहिमांत खेळाडू फक्त सामान वाहतो आणि मागं बसून ऐकतो. नववी तिची लाडकी. त्यात खेळाडूनं प्रमुखाचा श्वास झाकायचा. फार वर्षांपूर्वीच धम्मानंदांचा दम वरच्या सुरात तुटायला लागला होता. तो तुटायच्या आत मागून आबा धृपद अर्धी मात्रा आधीच उचलायचे, बाकीचा कोरस त्यांच्या मागं यायचा, आणि समोरच्या हजार माणसांना वाटायचं की गाणंच तसं आहे. धम्मानंदांनी ह्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आबांनी कधी घरात हे सांगितलंही नाही. तिनं एकदा लहानपणी स्टेजच्या कडेला बसून स्वतःच ओळखलं होतं, आणि तेव्हा तिला बापाचा इतका अभिमान वाटला की ती रात्रभर कुणाला तरी सांगायला शोधत होती.

शिवप्रसादनं चौदाच्या पाच केल्या. तो खेळाचा मुख्य आखणीकार, वारंगळकडचा, बोलायला गोड. हे बघ अम्मा, तो त्याच्या हैदराबादी हिंदीत म्हणाला होता, शंभर लोकांना खेळायला बसवलं, त्यातले साठ तिसऱ्या मोहिमेतच उठून गेले. मागं बसायला कोण पैसे देऊन येतो? आकडे खरे होते. तो वाईट माणूस असता तर तिला बरं वाटलं असतं. मग उरल्या त्या पाच: गुहेतून घशाची मुळी आणा, अस्वल मारा, चोरीला गेलेली वीणा सोडवा, फितूर शोधा, प्रमुख मरतो, तुम्ही प्रमुख. एकदाही गाणं न म्हणता. शेवटी एक समारंभ: नवा प्रमुख दिवाणखान्यात उभा राहून पहिली ओळ म्हणतो, सगळा संघ एका आवाजात धृपद उचलतो आणि त्या नादानं डोंगरातलं मोठं फाटक उघडून गोष्ट पुढच्या राज्यात जाते. शिवप्रसादला तो समारंभ फार आवडला होता. धम्मप्रियाला त्याची शिसारी होती. तिनं एवढंच केलं, की दारातल्या म्हाताऱ्याचं वाक्य बदललं नाही. प्रमुख व्हा, राजे व्हा, हा माणूस तुम्हाला ओळखणार नाही. हा तिचा निषेध होता. आणि आता तनुजाला तो बरोबर तसाच दिसला होता जसा अकरावीतल्या धम्मप्रियाला तो पहारेकरी दिसला होता: लिहिणाऱ्याचा हलगर्जीपणा. आपल्या रागात आणि दुसऱ्याच्या आळसात बाहेरून काडीचाही फरक दिसू नये, ह्याचा तिला संताप आला आणि हसूही आलं.

"चल माय, गाडी जाईल," आबा म्हणाले. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशात कागदाच्या पुडीत खडीसाखर नि काळी मिरी. धम्मानंद वारून अकरा दिवस झाले होते. आज लातूरला विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि पार्टी त्यांचीच गाणी म्हणणार होती. आईनं, म्हणजे सरजाबाईनं, दशम्यांचं फडकं लेकीच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "ह्या वक्ताला तरी देतेत का बघ." काय, ते बोलायची गरज नव्हती. अकरा दिवस आबा न्हाणीचं दार लावून धम्मानंदांचं तेच एक गाणं वरच्या पट्टीत म्हणून बघत होते. 'दिवा घरात लावला, उजेड वेशीपर्यंत गेला.' पाण्याच्या आवाजाखाली दबकत, कुणाला ऐकू जाऊ नये असं. एकसष्टाव्या वर्षी. गाणी सगळी त्यांच्या गळ्यात होती, दुसऱ्या कुणाच्या नव्हती. धम्मप्रियानं त्यासाठीच सुट्टी टाकली होती. आज बापाच्या हातात माईक येणार असेल तर तिला समोर असायचं होतं.

लोह्याला गाडी थांबली तेव्हा शिवप्रसादचा फोन आला. तो म्हाताऱ्याचा काय घोळ आहे? साधं आहे, 'नमस्कार प्रमुख' लिहून टाक, किंवा काढूनच टाक त्याला, एक बुढ्ढा कमी झाला तर कुणाला कळणार आहे? ती म्हणाली, बघते. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. 'बघते' हा तिच्या नोकरीतला सर्वांत जास्त वापरलेला शब्द होता.

"कुणाचं व्हतं?" आबांनी विचारलं.

"कंपनीचं. आबा, एक सांगा. समजा तुमच्या पार्टीत एक नवा माणूस आला. पाच कामं केली. गाणं म्हणलंच न्हाई. अन् त्याला परमुख केलं. तर तुमी काय म्हणाल?"

"कामं कोन्ती?"

"अस्वल मारलं."

आबा हसले. "अस्वल मारलेल्या गड्याला न्हाई म्हणायची कुणाची छाती हाय?"

"थट्टा नका करू."

"बरं. मंग बाकीचे काय करून राहिले तवर?"

"उभे ऱ्हातेत."

"नुसतेच?"

"नुसतेच. एकेका जागेवर. एकेक वाक्य बोलतेत."

आबांनी जरा विचार केला. "बसाया तरी सांग त्यानला. पाय दुकत असतील," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. अहमदपूर गेलं, चाकूर आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीन काढून झालेली काळी रानं. आबांनी पुडीतला मिरीचा दाणा दाढेखाली धरला होता आणि अधूनमधून, ओठ न हलवता, घशातल्या घशात ती ओळ वर चढवून बघत होते. धम्मप्रियाला ते शेजारून ऐकू येत होतं. वरचा सूर लागत होता. थोडा कापत होता, पण लागत होता. धम्मानंदांचा आवाज म्हणजे काशाचं भांडं, खणखणीत. आबांचा तसा नव्हता, त्यात एक खरखर होती. पण ती खरखर तिनं जन्मापासून ऐकली होती, आणि तिला वाटत होतं की लोकांनाही आवडेल, निदान एका गाण्यापुरती आवडेल. तिला भीती वाटत होती. खेळातल्या माणसांना ती पाहिजे ते देऊ शकत होती, आणि इथं मात्र ओंजळ धरून बसण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

विहारात पोचले तेव्हा वंदना झाली होती. धम्मानंदांचा फोटो, पुढं पांढरी फुलं, मेणबत्त्या. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि समोर पार्टीची सतरंजी. सतरंजीच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे काळे स्पीकर उभे होते. ते सत्यमचे. सत्यम चोवीसचा, आठ महिन्यांपूर्वी पार्टीत आलेला. आवाज गोड, दात पांढरे, दीड लाख लोक त्याला फोनवर ऐकायचे, आणि स्वतःचा साऊंड असल्यामुळे पेटी उचलायची, वायरी गुंडाळायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आबांना बघून तो धावत आला. "जयभीम काका. तरास न्हाई ना झाला गाडीला?" त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना पाणी आणून दिलं. त्याचा रागही करता येऊ नये, असा पोरगा होता. खेळात तो फितूर निघाला असता आणि सगळ्यांचीच सोय झाली असती, असं धम्मप्रियाच्या मनात येऊन गेलं.

भाषणं झाली. धम्मानंदांच्या बायकोनं दोन शब्द बोलून पदर तोंडाला लावला. मग गुंडप्पा उठला. गुंडप्पा ढोलकीवाला, आबांच्याही आधीपासून पार्टीत असलेला. तो म्हणाला, "दादा गेले. पर पार्टी बंद पडू नाई. म्हणून आमी समद्यांनी ठरवलं, आजपासून पार्टी सत्यमनं चालवावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मप्रियानं आधी गुंडप्पाकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. समद्यांनी ठरवलं म्हणजे कधी? कुणाला विचारून? मागच्या रांगेत सहा माणसं होती. सहाही टाळ्या वाजवत होती आणि सहापैकी एकजणही दुसऱ्याकडे बघत नव्हतं. आबा टाळ्या वाजवत होते. सावकाश, तालात, कोरसमध्ये देतात तशा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तिथंच ओरडून विचारावंसं वाटलं की ह्यानं काय केलंय, अस्वल मारलंय का? पंधरा वर्षं ती ज्या गोष्टीला खोटी, कच्ची, लिहिणाऱ्याच्या आळसातून आलेली म्हणून शिव्या घालत होती, ती भर दुपारी, पंख्याखाली, तिच्या बापाच्या देखत, शब्दाला शब्द तशीच घडत होती. कुणी 'का' विचारत नव्हतं. आणि का विचारत नव्हतं तेही तिला दिसत होतं, दिसू नये इतकं स्पष्ट दिसत होतं: गुंडप्पाला कार्यक्रम मिळायला हवे होते, शेजारच्याचे गुडघे गेले होते, त्याला स्पीकरवाला टेम्पो बरा पडत होता, आणि आबांना माईक मागता येत नव्हता, कारण मागायचा नसतो, हे त्यांना ज्यानं शिकवलं तो फोटोत जाऊन बसला होता. म्हणजे गोष्ट खोटी नव्हती. लिहिणाऱ्यांनी फक्त टाळ्या वाजवणाऱ्यांकडे कॅमेरा वळवला नव्हता. आणि तिनं वळवला असता तरी काय दिसलं असतं? टाळ्याच.

ती बायांमधून सरकत सतरंजीच्या कडेला गेली. "आबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी बोला ना. एक गाणं तरी मागा. तुमचंच हाय ते."

"गप बस," आबा म्हणाले. रागानं नाही, भरल्या घरात पोर काही वेडंवाकडं बोललं की म्हणतात तसं.

सत्यमनं नेमकं तेच गाणं घेतलं. 'दिवा घरात लावला, उजेड वेशीपर्यंत गेला.' पहिल्या ओळीलाच बायांनी डोळे पुसले. तो चांगला गात होता. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याचा दम कुठंही तुटत नव्हता, त्याला कुणी झाकायची गरज नव्हती. ओळ संपली आणि कोरस उठला. 'वेशीपर्यंत गेला गं, वेशीपर्यंत गेला.' भरदार, एकजीव, आणि त्यात सगळ्यांत वर आबांची खरखर. ती ऐकून धम्मप्रियाला रडू यायला लागलं. तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं आणि तिला काही क्षण कळेचना की आपण काय बघतोय. आबांचं तोंड बंद होतं. मांडीवर हात, पाठ ताठ, ओठ मिटलेले, आणि आवाज चाललेला. दुसऱ्या धृपदालाही तसंच. मग तिच्या ध्यानात आलं. आवाज स्पीकरमधून येत होता. तीन महिन्यांपूर्वी आबा एका रविवारी लातूरला सत्यमच्या घरी जाऊन आले होते, हौसेनं सांगत होते की पोरानं मशीनवर कोरस भरून घेतला, म्हणला, काका, एकदाच म्हणा, मंग उगं तरास न्हाई. तोच हा. बाकीचे पाच त्या भरलेल्या आवाजावर तोंड हलवत होते. आबा एकटे हलवत नव्हते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धृपद उचललं नव्हतं, आणि त्यांचाच आवाज त्यांच्या न गाण्यावर पांघरूण घालून मोकळा झाला होता. कुणीही वळून पाहिलं नाही. सत्यमनं तर डोळे मिटून घेतले होते. गाणं संपलं तेव्हा आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या, आणि ती तशीच बसून राहिली. उठून स्पीकरची वायर उपटावी असं तिला वाटलं. वायर तिच्या पायापासून हातभर लांब होती. तिनं उपटली नाही.

जेवणं आटोपून ते स्टँडवर आले तेव्हा साडेपाच वाजायला आले होते. नांदेडची गाडी लागायची होती. आबा बाकड्यावर बसले, खडीसाखरेची पुडी काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली.

"माझा घसा बसला व्हता आज," ते म्हणाले. "म्हणलंच न्हाई मी. कुणाला कळलं का?"

सकाळी गाडीत तिनं तो घसा ऐकला होता. "मला कळलं, आबा."

आबांनी मान हलवली. तिला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. "तुला कळून काय फायदा, माय," ते म्हणाले. "त्यानला कळाया पायजे व्हतं." आणि मग, जसं काही झालंच नाही असं, त्यांनी चहा घेतेस का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आणायला गेले.

फोन वाजला. तनुजा. 'अगं सहा वाजत आले. बग की मुद्दाम?'

धम्मप्रियानं पिशवीतून लॅपटॉप काढून दशम्यांच्या फडक्यावर ठेवला. 'मुद्दाम,' तिनं लिहिलं. पण तेवढ्यावर थांबता येईना. मुद्दाम आहे हे तिला ठाऊक आणि तनुजाला ठाऊक, त्याचा काय फायदा. म्हाताऱ्याचं ते फाटकन बोललेलं वाक्य आपण आपल्याच समाधानासाठी लिहिलं होतं. तो ते म्हणतो, खेळाडू हसतो, पुढं जातो, आणि समारंभात तोच म्हातारा बाकीच्यांबरोबर आवाज मिसळून फाटक उघडून देतो. तिनं शेवटच्या समारंभाची फाईल उघडली. आवाजांची यादी तिच्याच ताब्यात होती. नवा प्रमुख पहिली ओळ म्हणतो. संघ धृपद उचलतो. तिनं दुसऱ्या ओळीवरची, संघाचे आवाज सुरू करणारी खूण काढून टाकली. आता प्रमुख दिवाणखान्यात उभा राहून गाणार होता, आणि मागं सगळा संघ तोंड मिटून बसणार होता. धृपद उठलं नाही तर फाटक उघडणार नव्हतं. मग तिनं जुन्या चौदा मोहिमांचा कप्पा शोधला. शिवप्रसादनं मोहिमा काढल्या होत्या, पण मागच्या रांगेत बसायची सोय कुणी पुसली नव्हती; ती तशीच धूळ खात पडली होती. तिनं फाटकाची किल्ली तिथं नेऊन बांधली. जो प्रमुख पुढची जागा सोडून, चपला बाहेर काढून, मागं जाऊन बसेल आणि दुसऱ्याच्या ओळीला धृपद देईल, त्याच्यासाठीच फाटक उघडेल. उद्या शिवप्रसाद गोड आवाजात काय काय बोलेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. नोकरी जाऊही शकत होती. तिनं बदल पाठवला तेव्हा सहाला आठ मिनिटं होती.

दोन मिनिटांत तनुजाचा निरोप आला. 'हे काय केलंस? मी आत्ता खेळून बघितलं. गातोय, गातोय, कुणी उठतच नाही. लोक शिव्या घालतील. फाटकासमोर उभे राहून म्हणतील, आम्ही प्रमुख आहोत ना?'

आबा दोन हातांत दोन कागदी पेले धरून, चहा सांडू नये म्हणून पाय मोजत, गर्दीतून येत होते.

'काय करायचं ते म्हातारा दारातच सांगतोय त्यांना,' धम्मप्रियानं लिहिलं. 'ऐका म्हणावं.'